सेंटर कुठं आलं?

सीईटीचं हॉलतिकीट हाती आलं की कर्जत-खालापूरकडची मुलं आधी सेंटर बघतात. पनवेल आलं तर बरं, नवी मुंबईही जमून जातं. त्यापलीकडं गेलं की घरात गाडीची नाहीतर नातेवाइकाकडं मुक्कामाची चौकशी सुरू होते. सकाळच्या सत्राला साडेसातलाच दारात हजर राहायचं असतं. वाडीतून डांबरी रस्त्यापर्यंत चालत यावं लागणाऱ्या ठाकर-कातकरी मुलाला ती वेळ गाठणं हीच पहिली परीक्षा.

हे अंतर पूर्वीही होतं. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक 1859 मध्ये झाली. मुंबईकडून रेल्वे 1856 मध्येच खोपोलीला पोहोचली होती, पुण्याकडून 1858 मध्ये खंडाळ्यापर्यंत. मधला बोरघाट मात्र 1863 पर्यंत रेल्वेविना होता. तेव्हा पुण्याकडून मुंबईला शिकायला वा परीक्षेला निघालेल्याला खंडाळ्याला उतरून घाट उतरायचा आणि खोपोलीला पुन्हा गाडी धरायची, असाच प्रवास होता.

पुढच्या शंभर वर्षांत परीक्षा हळूहळू जवळ आली. 1949 मध्ये मुंबई राज्यात मॅट्रिकच्या जागी एसएससी आली, पुढं बारावीचं बोर्डही आलं आणि तालुक्याच्या गावी केंद्रं झाली. बाक, उत्तरपत्रिका, दोऱ्यानं बांधलेली पुरवणी, एवढ्यावर काम भागायचं. वीज गेली तर बाक खिडकीकडं सरकवता येत होता. अभियांत्रिकीचा प्रवेशही बारावीच्या गुणांवरच होता. मग सीईटी आली आणि ओएमआरचे गोल रंगवणं आलं. उत्तरपत्रिका यंत्रानं तपासणं तसं जुनंच, आयबीएमनं 1938 मध्ये असं यंत्र आणलं होतं. पण ते यंत्र मुलाला दिसत नसे. पेपर सुटल्यावर, दूर कुठं तरी त्याचं काम चाले. 2014 आणि 2015 ला राज्यानं जेईई स्वीकारली, 2016 ला सीईटी परत आणली आणि 2019 पासून ती संगणकावर नेली. तेव्हापासून यंत्र प्रश्न आणि मूल यांच्या मधे येऊन बसलं.

पहिली 90 मिनिटं भौतिक-रसायन. वेळ संपली की तो भाग आपोआप बंद होतो, मागं जाता येत नाही. मग गणिताचे 50 प्रश्न, प्रत्येकी दोन गुणांचे. आकृती पडद्यावर, आकडेमोड कच्च्या कागदावर, मान सारखी वर-खाली. घरी फक्त मोबाइल असलेल्या मुलीचा हात माऊसवर बसेपर्यंतच काही प्रश्न निसटतात. आणि सत्रागणिक पेपर वेगळा, म्हणून गुणांऐवजी पर्सेंटाइल. शेजारच्या मैत्रिणीशी पडताळून पाहायचीही सोय राहिली नाही.

संगणक आणण्यामागं कारणं होती. पेपर छापणं, वाहून नेणं, सांभाळणं यात फुटण्याची भीती असते, हे मान्यच. पण नव्या पद्धतीच्या भीती नव्या आहेत. 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबई महानगराची वीज गेली, लोकल जागीच थांबल्या, आणि त्याच दिवशी सीईटी होती. हुकलेल्यांना पुन्हा संधी द्यावी लागली. खोपोलीच्या टाटा वीजगृहातून मुंबईला वीज जाते ती 1915 पासून. त्याच खोपोलीच्या मुलांची परीक्षा आता महानगराच्या विजेवर आणि लोकलवर टांगलेली आहे, याचं वाईट वाटतं. 2025 मध्ये तर एका सत्रातल्या गणिताच्या 21 प्रश्नांतच चुका निघाल्या आणि सुमारे 27 हजार मुलांना पुन्हा बसावं लागलं. घरापासून तासाभरावर सेंटर असणाऱ्याला तो मनस्ताप होता. आमच्याकडच्या मुलांना तो पुन्हा एक भाड्याची गाडी आणि आईबापांची बुडालेली एक मजुरी.

या पट्ट्यात अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, त्यांच्याकडं संगणककक्ष आहेत. सीईटी कक्षानं ते तपासून घ्यावेत, जनरेटरची खात्री करावी आणि तालुक्याच्या मुलाला तालुक्यातच सेंटर द्यावं. आश्रमशाळांतून बारावीच्या वर्षभरात निदान काही सराव परीक्षा माऊस-पडद्यावर व्हाव्यात. हे होत नसेल तर कागदाचा पर्याय पुन्हा खुला करावा.