आकाशचिन्ह आणि उपद्रव : जाहिरातींच्या दिव्यांवरील नगरशासनाचे नियंत्रण

पुणे महानगरपालिकेच्या कारभारात आकाशचिन्ह हा शब्द नावातच वागविणारा एक विभाग आहे. कायद्याच्या परिभाषेशी परिचय नसलेल्या मराठी वाचकाला हे नाव वाचून धूमकेतूची किंवा खग्रास ग्रहणाची आठवण झाली, तर त्याला दोष देता येणार नाही. वस्तुतः हा शब्द इंग्रजीतील ‘स्काय-साइन’ या संज्ञेचे सरळ भाषांतर होय, आणि मूळ संज्ञा लंडनच्या छपरांवर जन्मास आली. तेथून ती मुंबई इलाख्याच्या कायद्यात व पुढे मराठी कार्यालयीन भाषेत आली. या प्रवासात तिने आपल्याबरोबर एक विशिष्ट दृष्टी आणली. रात्रीच्या जाहिरातींच्या उजेडाने ज्याचे घर उजळून निघते, त्या माणसाला कायद्यात स्थान का मिळाले नाही, याचे उत्तर पुष्कळ अंशी त्या दृष्टीत सापडते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इमारतींच्या माथ्यावर खांब व सांगाडे उभारून त्यांवर प्रचंड अक्षरे बसविण्याची प्रथा पडली. पार्श्वभूमीला मोकळे आकाश असल्याने ही अक्षरे दुरूनही वाचता येत. त्यांना आळा घालण्यासाठी १८९१ मध्ये लंडनपुरता आकाशचिन्हांचा कायदा झाला व त्यातील तरतुदी १८९४ च्या लंडन इमारत कायद्यात समाविष्ट झाल्या. त्यातील व्याख्या अभ्यासण्यासारखी आहे. जाहिरात, घोषणा किंवा दिशादर्शन या स्वरूपाचा कोणताही शब्द, अक्षर, प्रतिकृती वा आकृती, इमारतीवर खांब अथवा चौकटीच्या आधाराने उभारलेली, आणि रस्त्यावरील कोणत्याही बिंदूपासून आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारी, ती आकाशचिन्ह. जाहिरातीसाठी वापरलेले फुगे व हवाई छत्र्याही तीत येतात. निशाणाची काठी व वातकुक्कुट यांना, ती जाहिरातीसाठी वापरली जात नसतील तोवर, सूट आहे. रेल्वेच्या आवारातील फलकांनाही सूट आहे, मात्र ते रस्त्यावर कोसळण्याचा संभव नसावा. या शेवटच्या अटीवरून कायदा करणाऱ्यांच्या मनात सौंदर्याइतकीच वाऱ्याची व पडझडीची भीती होती, हे स्पष्ट होते.

ही व्याख्या दिवसाची आहे. आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणे ही कल्पनाच मुळी दिवसाच्या उजेडात उमटणाऱ्या काळ्या आकृतीची कल्पना आहे. रात्री, दिव्यांनी मढविलेली जाहिरात छपरावर नसून भिंतीवर असली, म्हणजे ती कितीही प्रखर असो, या व्याख्येच्या बाहेर राहते. विजेचे दिवे स्वस्त व सुलभ होऊ लागताच ही उणीव जाणवू लागली, यात नवल नाही.

ती भरून काढण्यासाठी लंडन कौंटी कौन्सिलने १९०० मध्ये पोटनियम केला. त्याचा आधार होता १८८२ च्या म्युनिसिपल कॉर्पोरेशन्स कायद्याचे तेविसावे कलम, म्हणजे नगराच्या सुशासनासाठी नियम करण्याचा सर्वसाधारण अधिकार. १८८८ च्या स्थानिक शासन कायद्याने तो कौंटी मंडळांनाही मिळाला होता. पोटनियमाने दोन संज्ञा सिद्ध केल्या. एक ‘फ्लॅशलाइट’, म्हणजे जाहिरातीचे अक्षर अथवा आकृती उजळविणारा असा दिवा की ज्याची तीव्रता, रंग किंवा दिशा एकाएकी बदलते. दुसरी ‘सर्चलाइट’, म्हणजे पाचशे मेणबत्त्यांहून अधिक शक्तीचा, एकवटून फेकलेला व बदलता झोत. असे दिवे रस्त्यावरून दिसतील आणि तेथील वाहतुकीला धोका पोहोचेल अशा रीतीने लावण्यास मनाई करण्यात आली.

यातील ‘एकाएकी’ या क्रियाविशेषणावर सर्व भार आहे. स्थिर दिवा, मग तो कितीही डोळे दिपविणारा असो, निर्दोष ठरतो. सावकाश रंग पालटणारा दिवाही बहुधा सुटतो. यामागील तर्क समजण्याजोगा आहे. १९०० साली लंडनचे रस्ते घोड्यांचे होते, व अचानक लखलखणाऱ्या दिव्याने घोडा बुजणे हा संकट ओढवून घेण्याचा सोपा मार्ग होता. त्यातच कुरूपतेचा निषेध करण्याचा स्पष्ट अधिकार कौन्सिलपाशी नव्हता. जाहिरातींच्या अतिरेकाविरुद्ध १८९३ मध्ये स्थापन झालेली स्कापा ही संस्था त्यासाठी झगडत होती. एडिंबरोने १८९९ मध्ये व डोव्हरने १९०१ मध्ये आपापल्या स्वतंत्र कायद्यांनी जाहिरातींवर अधिकार मिळविले. तथापि सर्व देशासाठीचा जाहिरात-नियमन कायदा १९०७ मध्ये आला तेव्हा त्याचा रोख बारा फुटांहून उंच फलक आणि निसर्गदृश्यांचे विद्रूपीकरण यांवर होता. शहरातील रात्र त्यात फारशी आली नाही.

पुढील वर्षीच, म्हणजे १९०८ मध्ये, पिकॅडिली सर्कसमध्ये पेरियर या पेयाची दिव्यांची जाहिरात लागली. १९१० मध्ये बोव्हरिल व श्वेप्स यांच्या जाहिराती आल्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पॅरिसमध्ये जॉर्ज क्लोद याने निऑनचे दिवे लोकांपुढे मांडले, आणि लवकरच जाहिरातदारांच्या हाती एक नवे साधन आले. या चौकातील दिवे एकाच बाजूला दाटले, याचे कारण मोठे उद्बोधक आहे. राजसत्तेच्या मालकीच्या इमारतींच्या भाडेपट्ट्यांत अशा जाहिरातींना मज्जाव होता, आणि ज्या बाजूच्या इमारती त्या मालकीत नव्हत्या तेथे दिवे चढले. जे काम पोटनियमाला जमले नाही, ते घरमालकाच्या करारपत्राने सहज केले, असे म्हणावयास हरकत नाही. १९३९ च्या सप्टेंबरात युद्धामुळे हे दिवे एका रात्रीत विझले आणि १९४९ च्या एप्रिलपर्यंत पुन्हा लागले नाहीत. दिवे विझविणे शासनाला अशक्य होते असे नव्हे. त्यासाठी कोणते कारण ग्राह्य मानावयाचे, एवढाच प्रश्न होता.

१९४७ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याने ब्रिटनमध्ये जाहिरातींचे नियंत्रण सुखसोय व सार्वजनिक सुरक्षितता या दोन कसोट्यांवर आणले. तरीही शेजाऱ्याच्या खिडकीत शिरणारा उजेड हा वैधानिक उपद्रव ठरण्यास २००५ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या कायद्यातील ही तरतूद ६ एप्रिल २००६ पासून अमलात आली. विमानतळ, बंदरे, रेल्वे, दीपगृहे, तुरुंग इत्यादींना तीत सूट आहे. दुकानदाराला सूट नाही. मात्र उपद्रव टाळण्यासाठी व्यवहार्य असे सर्वोत्तम उपाय आपण योजले होते, असा बचाव त्याला करता येतो.

आता मुंबईकडे वळू. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ चा. त्याच्या सुधारित पाठातील ३२८ वे कलम आकाशचिन्हांविषयी आहे, आणि त्यातील व्याख्या लंडनच्या व्याख्येशी जवळजवळ शब्दाला शब्द जुळते. तेच खांब, त्याच चौकटी, तेच फुगे व हवाई छत्र्या आणि रेल्वेच्या फलकाची तीच कोसळण्याची चिंता. हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेत समान प्रमादांवरून प्रतींचे कुळ ठरवितात, तसे येथे समान फुग्यांवरून ठरविता येते. एक पाठभेद मात्र अर्थपूर्ण आहे. लंडनच्या व्याख्येत आधार केवळ इमारतीचा वा बांधकामाचा, तर मुंबईच्या व्याख्येत ‘भूमी’ हा शब्द अधिक घातलेला आहे. त्यामुळे जमिनीत खांब रोवून उभारलेला फलकही येथे आकाशचिन्ह ठरतो. १९४९ च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियमात, ज्याचे पुढे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम असे नामांतर झाले, हाच विषय २४४ व २४५ या कलमांत येतो.

दिव्यांचा उल्लेख इतर जाहिरातींसंबंधीच्या कलमात आहे. मुंबईच्या कायद्यात ते ३२८-अ, व १९४९ च्या कायद्यात २४५ वे कलम. दुकानाच्या खिडकीतील जाहिरातीस किंवा त्याच जागेत चालणाऱ्या व्यवसायाच्या पाटीस परवानगी लागत नाही. मात्र ती पाटी दिव्यांनी उजळलेली नसावी. पाटीवर दिवे आले की सूट संपते. म्हणजे उजेड ही वेगळी बाब आहे हे कायद्याने ओळखले, पण ओळख परवान्यापाशी थांबली. किती उजेड, कोणत्या दिशेने आणि किती वाजेपर्यंत, याविषयी हे कलम मौन पाळते.

दरम्यान, त्याच १९४९ च्या अधिनियमाच्या दुसऱ्या कलमात ‘उपद्रव’ या संज्ञेची व्याख्या आहे. दृष्टी, घ्राण वा श्रवण या इंद्रियांना त्रास देणारे, तसेच विश्रांती किंवा निद्रा यांत व्यत्यय आणणारे कोणतेही कृत्य, स्थान वा वस्तू तीत समाविष्ट आहे. दृष्टी आणि निद्रा हे दोन्ही शब्द येथे हजर आहेत. आकाशचिन्हाच्या व्याख्येत पाहणारा ‘रस्त्यावरील बिंदू’पाशी उभा आहे. उपद्रवाच्या व्याख्येत तो अंथरुणावर आडवा आहे. जाहिरातींची प्रकरणे पहिल्या कप्प्यात पडली, आणि त्या कप्प्यात परवाना, शुल्क व नूतनीकरण यांची भाषा चालते. शुल्क हे उत्पन्न आहे. ज्या संस्थेला दिव्यापासून उत्पन्न मिळते तिच्याकडेच दिव्याविरुद्ध गाऱ्हाणे न्यावे लागते, ही अडचण व्याख्येपेक्षाही जुनी असावी.

न्यायालयीन भाषेनेही रस्ता सोडलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या वाहतुकीसंबंधी दिलेल्या आदेशात रस्त्याकडेचे धोकादायक व सुरक्षित वाहतुकीस बाधक असे फलक हटविण्यास सांगितले. कसोटी १९०० सालच्या पोटनियमाचीच, घोड्याच्या जागी मोटारचालक आला इतकेच. क्षणोक्षणी चित्र पालटणाऱ्या आजच्या विद्युत्पटलांकडे पाहिले, तर तीव्रता, रंग यांपैकी काही एकाएकी बदलणारा दिवा ही जुनी व्याख्या त्यांच्यासाठीच लिहिली होती की काय, असे वाटते. परंतु समोरच्या तिसऱ्या मजल्यावरील रहिवासी त्या व्याख्येतही नाही.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला येथे आणखी एक गोष्ट दिसते. ‘जाहिरात’ हा शब्द अरबी ‘जाहिर’ म्हणजे प्रकट यापासून आला. दिसणे हा तिचा शब्दसिद्ध धर्म आहे, आणि म्हणून केवळ दिसते एवढ्यावरून तिला अपराधी ठरविणे कायद्याला जड जाते. इंग्रजी ‘न्यूसन्स’ हा लॅटिनमधील इजा करणे या अर्थाच्या धातूपासून फ्रेंचमार्गे आलेला. मराठी कायद्याने त्यासाठी स्वीकारलेला ‘उपद्रव’ हा ‘द्रु’ म्हणजे धावणे या धातूचा. जवळ धावून येते, अंगावर येते, ते उपद्रव. आयुर्वेदात मूळ व्याधीच्या मागोमाग उद्भवणाऱ्या विकारालाही हेच नाव आहे. आकाशचिन्हाच्या परवान्याचा अर्ज तपासताना फलकाची लांबी, रुंदी व उंची मोजतात. त्याच्या उजेडाची मोजणी समोरच्या खिडकीत उभे राहून करावयाची झाली, तर अर्जात रस्त्याच्या नावाबरोबर त्या घराचाही क्रमांक लिहावा लागेल.