पदरी घेतलेले मूल

गोदावरीच्या काठी वसलेले गंगाखेड हे परभणी जिल्ह्यातील गाव महाराष्ट्रास ठाऊक आहे ते संत जनाबाईंचे जन्मस्थान म्हणून. जनाबाईंचे अभंग आपल्या घरांतून पहाटेच्या वेळी शतकानुशतके गाइले गेले. त्यांच्या भक्तीविषयी, त्यांच्या काव्यातील गोडव्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु एका साध्या गोष्टीकडे आपले लक्ष क्वचितच जाते. ही थोर कवयित्री आपल्या आईबापांच्या घरी वाढली नाही. ती परक्या घरी वाढली. आज श्रोत्यांपुढे मी जनाबाईंना संत म्हणून नव्हे, तर लहानपणी दुसऱ्याच्या पदरात पडलेले एक लेकरू म्हणून मांडणार आहे. आणि त्या लेकरापासून आरंभ करून, आईबापांचे छत्र हरपलेल्या मुलांना आपल्या समाजाने कोणत्या नात्याने घरात घेतले, ह्याचा थोडा मागोवा घेणार आहे.

परंपरा असे सांगते की गंगाखेडास दमा व करुंड नावाचे एक विठ्ठलभक्त जोडपे होते. त्यांची ही मुलगी. लहान वयातच ती पंढरपुरास दामाशेटी शिंप्यांच्या घरी आली. कोणी म्हणतात, आई वारल्यावर बापाने तिला तेथे नेऊन सोपविले. कोणी म्हणतात, आईबापांबरोबर वारीस आलेली मुलगी पंढरीतच राहिली. तपशील निरनिराळे असले तरी गोष्टीचा गाभा एकच आहे. गोदातीरावरची एक पोर भीमातीरावरच्या अनोळखी घरात आली आणि तेच तिचे घर झाले. दामाशेटींचे पुत्र म्हणजे संत नामदेव. त्यांचा जन्म १२७० चा मानतात. जनी त्यांच्याहून वयाने मोठी होती व तिने त्यांना अंगाखांद्यावर खेळविले, अशीही समजूत आहे. म्हणजे जिला स्वतःलाच कोणी सांभाळावयास हवे होते, तिच्याकडेच घरातले मूल सांभाळावयास आले.

ह्या घरात जनीचे स्थान काय होते? ह्याचा सर्वांत बोलका पुरावा खुद्द तिच्याच नावावर असलेल्या एका अभंगात सापडतो. त्यात तिने नामदेवांच्या कुटुंबातील माणसे नावानिशी मोजली आहेत. दामाशेटी व नामदेव हे बापलेक. गोणाई व राजाई ह्या सासूसुना. नारा, विठा, गोंदा व महादा हे चार पुत्र. लाडाई, गोडाई, येसाई व साखराई ह्या चार सुना. लेक लिंबाई आणि बहीण आऊबाई. अशी चौदा माणसे झाली. आणि मग पंधरावी ती स्वतः. पण बाकीच्या चौदा जणांना तिने नात्याने ओळखले आहे. कोणी सासू, कोणी लेक, कोणी सून, कोणी बहीण. पंधराव्या नावापुढे मात्र नाते नाही. तेथे शब्द आहे दासी.

हा अभंग भक्तीचा आहे आणि दासी हा शब्द वारकरी संप्रदायात नम्रतेचा आहे, हे मला मान्य आहे. तरीही इतिहासाच्या दृष्टीने त्या मोजणीत एक फार मोठे सत्य उतरले आहे. ती घरातल्या मोजणीत आहे. तिला वगळलेले नाही. परंतु ज्या पायावर बाकीचे त्या मोजणीत आहेत, त्या पायावर ती नाही. तिचे त्या घरातले असणे कामाशी बांधलेले आहे. दळण, कांडण, शेण गोळा करणे, पाणी भरणे, धुणे, झाडलोट, ही सारी कामे तिच्या अभंगांत पुनःपुन्हा येतात. आणि त्या प्रत्येक कामाला हात लावावयास येतो तो विठ्ठल. तोच तिच्याबरोबर जाते ओढतो, तोच तिच्या डोक्याची वेणी घालतो. आई मेली, बाप मेला, आता तूच सांभाळ, असे ती त्यास विनविते. लहान मुलाचे केस विंचरणे हे आईचे काम. ते काम करावयास जिला देवास बोलवावे लागले, तिच्या बालपणाविषयी आणखी काय सांगावयास हवे?

पण दामाशेटींच्या घरावर अन्याय होईल असेही बोलू नये. त्या घराने जनीला अन्न व आसरा दिला, एवढेच नव्हे; त्या घरात जे सर्वांत मोलाचे होते, ते म्हणजे नामाचे वेड व अभंगाची वाणी, तेही तिला मिळाले. तिच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. तेराव्या-चौदाव्या शतकात एका शूद्र जातीच्या, आईबापांविना वाढलेल्या मुलीचा शब्द असा टिकून राहावा, ही सामान्य गोष्ट नव्हे. परक्या घरी वाढलेल्या मुलाला ते घर काय देऊ शकते आणि काय देण्याचे राहून जाते, ह्या दोन्ही गोष्टी एकाच चरित्रात दिसतात.

आता प्रश्न असा की, आपल्या समाजाकडे अशा मुलांसाठी दासपणाखेरीज दुसरे नाते नव्हते काय? दत्तकाची चाल होती. परंतु धर्मशास्त्रातील दत्तक हा मुलाच्या गरजेसाठी नव्हता, घराण्याच्या गरजेसाठी होता. पिंड कोणी द्यावा, वंश व वतन कोणी चालवावे, ह्यासाठी पुत्र हवा. मुलगी ह्या कामास उपयोगी नाही, म्हणून दत्तकविधान मुलग्याचेच. आणि त्यातही मौज अशी की, मूल दत्तक देण्याचा अधिकार फक्त त्याच्या आईबापांना. ज्यास आईबापच नाहीत त्यास देणार कोण? म्हणजे ज्याला घराची सर्वांत अधिक निकड, तेच अनाथ मूल ह्या दारातून आत येऊ शकत नव्हते. ही अडचण कायद्याने दूर झाली ती १९५६ साली. तेव्हापासून हिंदूंस मुलगीही दत्तक घेता येऊ लागली आणि आईबाप नसलेल्या मुलास न्यायालयाच्या परवानगीने त्याच्या पालकाने दत्तक देण्याची वाट मोकळी झाली.

कायद्याच्या फार आधी काही माणसे मात्र पुढे गेली होती. १८६३ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसविल्या गेलेल्या विधवांनी तेथे गुप्तपणे यावे, बाळंत व्हावे आणि हवे तर मूल तेथेच ठेवून जावे, अशी ती सोय होती. १८७४ च्या सुमारास काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेचे मूल ह्या दांपत्याने आपले म्हणून घेतले. तोच यशवंत. त्यास त्यांनी आश्रित म्हणून ठेवले नाही. शिकविले, तो डॉक्टर झाला. आणि १८८७ साली जोतीरावांनी मृत्युपत्र करून त्यास आपला वारस नेमले. जातीबाहेरच्या, अज्ञात पित्याच्या मुलाचे पुत्रत्व शास्त्र मान्य करणार नाही, हे ते ओळखून होते. म्हणून जे शास्त्र देणार नव्हते ते त्यांनी कागदावर लिहून दिले. १८९७ च्या प्लेगात हाच यशवंत सावित्रीबाईंबरोबर रोग्यांची शुश्रूषा करीत होता, आणि त्या कामातच १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई निवर्तल्या. जनीच्या नावापुढे जी जागा नात्यावाचून राहिली होती, ती येथे पाच शतकांनी भरली गेली.

ज्या पंढरपुरात जनी वाढली, त्याच पंढरपुरात १८७५ साली न्यायखात्यातील अधिकारी लालशंकर उमियाशंकर ह्यांच्या पुढाकाराने टाकलेल्या बालकांसाठी आश्रम निघाला व मुंबईच्या प्रार्थना समाजाने तो चालविला. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली व स्त्रिया वाचवून आणल्या आणि केडगावास मुक्तिसदन उभे राहिले. ह्या संस्थांनी किती जीव राखले, हे कोण मोजणार? तरीही संस्थेची एक मर्यादा आहे. तेथे मुलास शेजारी पुष्कळ मिळतात. पण रात्री ताप आला असता उशाशी बसणारे माणूस शंभरांत वाटले जाते.

गंगाखेडची गोष्ट आणखी निराळी. मुंबई इलाख्यात १९२४ साली मुलांविषयीचा कायदा झाला; परंतु गंगाखेड तेव्हा निजामाच्या राज्यात होते, तेव्हा त्या कायद्याची सावली तेथवर पोहोचली नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. तोवर पोरक्या मुलास आधार होता तो मामा, मावशी, आजी ह्यांचा. आणि तेही नसतील तर कोणा सधनाच्या घरचे वरकाम.

आजचा कायदा ह्याहून पुष्कळ निराळी भाषा बोलतो. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने दत्तकाबरोबरच प्रतिपालकत्वाची, ज्यास व्यवहारात फॉस्टर केअर म्हणतात, त्याची तरतूद केली आहे. दत्तकात मूल कायमचे आपले होते. प्रतिपालकत्वात ते होत नाही. आईबाप आजारी आहेत, तुरुंगात आहेत, मुलास सांभाळण्यास असमर्थ आहेत, किंवा मूल मोठे असल्याने त्यास कोणी दत्तक घेत नाही. अशा मुलास बालकल्याण समितीच्या आदेशाने एखादे कुटुंब काही काळ आपल्या घरी वाढविते. त्याचे अन्न, आरोग्य व शिक्षण ही त्या कुटुंबाची जबाबदारी. सख्खी भावंडे शक्यतो एकत्र ठेवावयाची. घर कसे आहे, मूल कसे आहे, हे वेळोवेळी पाहिले जाते. २०२४ साली सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सहा वर्षांवरील मुले अशा घरी दिली जातात. अविवाहित, विधवा वा घटस्फोटित व्यक्तीसही हे काम करता येते. आणि मूल दत्तकास मोकळे असेल तर दोन वर्षांच्या सहवासानंतर त्या कुटुंबास ते दत्तक मागता येते. नातेवाइकांकडे वा एकट्या आईकडे वाढणाऱ्या मुलांसाठी महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. तीस सावित्रीबाईंचे नाव दिले आहे, आणि २०२३ साली तीतील साहाय्य दरमहा २२५० रुपये करण्यात आले.

कायदा एवढे करू शकतो. घरात मुलास कोणत्या नावाने हाक मारावयाची, हे मात्र तो ठरवू शकत नाही. आपल्या शहरी, सुशिक्षित घरांतही गावाकडची एखादी पोर ‘पदरी ठेवण्याची’ रीत फार जुनी होती. तिला जेवावयास मिळे, जुने कपडे मिळत, क्वचित शाळाही मिळे. आणि घरचे बाळ तिच्या कडेवर असे. आपण तीस उपकार समजत होतो. १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालील मुलास घरकामास ठेवणे हा गुन्हा झाला. परंतु ती समजूत कायद्याने मरत नाही. म्हणून ज्या कोणास परके मूल सांभाळण्याची इच्छा होईल, त्याने प्रथम आपल्या मनातच एक छोटी परीक्षा द्यावी. ह्या मुलाने काहीच काम केले नाही, कृतज्ञता दाखविली नाही, उद्या ते आपल्या आईकडे परत गेले, तरी त्याचे आपल्या घरातील स्थान तेवढेच राहील काय? सणाला सर्वांस कपडे घेताना त्याचेही माप घेतले जाईल काय? उत्तर होय असेल, तरच त्या घराने पुढे यावे.

गंगाखेडच्या त्या लेकरास आपण संतपद दिले, मंदिर बांधले, तिची ओवी कंठी धारण केली. पण तिने जी मोजणी करून ठेवली आहे तीही आपण वाचली पाहिजे. घरातली माणसे मोजताना पंधराव्या नावापुढे कोणता शब्द लिहावयाचा, हे ते मूल ठरवीत नसते. ते घर ठरवीत असते.