बुडालेलं जहाज आणि खिशातलं कार्ड

आज आपल्याला तांबड्या समुद्रात उतरायचं आहे. घाबरू नका, खुर्चीत बसूनच.

आपल्याकडची तरुण मंडळी हल्ली इजिप्तला जातात. पिरॅमिड पाहून झाले की शर्म अल-शेखला मुक्काम टाकतात, तीन-चार दिवसांत स्कूबाचा कोर्स उरकतात आणि कार्ड हातात पडलं की म्हणतात, चला, आता 'थिसलगॉर्म' बघू. थिसलगॉर्म म्हणजे दुसऱ्या महायुद्धात बुडालेलं ब्रिटिश मालवाहू जहाज. आता प्रश्न असा, की त्या कार्डानं नेमकं काय सिद्ध होतं? माणसाला येतं, की माणसाला परवानगी आहे? आपण तत्त्वज्ञानवाले यावर तासभर सहज घालवू, पण इथे इतिहासाला विचारलेलं बरं.

आधी जहाज. १९४० साली संडरलंडला बांधलेलं. जून १९४१ मध्ये ते ग्लासगोहून निघालं. भूमध्य समुद्रातून जाणं धोक्याचं झालं होतं, म्हणून अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून ते तांबड्या समुद्रात आलं. पोटात काय होतं? ट्रक, मोटारसायकली, चिलखती गाड्या, रबरी बूट, दारूगोळा आणि डेकवर रेल्वेची दोन इंजिनं. हा माल उत्तर आफ्रिकेतल्या आठव्या सैन्यासाठी होता, आणि त्या सैन्यात आपली चौथी भारतीय डिव्हिजनही लढत होती, हे आपण विसरू नये. सुवेझकडे जाण्याची पाळी येईपर्यंत जहाज शाब अलीच्या खडकांआड नांगरून थांबलं. ६ ऑक्टोबर १९४१ च्या मध्यरात्रीनंतर जर्मन हाइंकेल विमानानं ते हेरलं. बॉम्ब पडले, दारूगोळा पेटला आणि जहाजाचा मागचा भाग फाटून निघाला. ती अवजड इंजिनं उडून दूर तळाशी जाऊन पडली. नऊ माणसं गेली. पुढे कूस्तोच्या चमूनं पन्नासच्या दशकात हे जहाज शोधलं, १९५६ च्या 'द सायलेंट वर्ल्ड' या चित्रपटात ते दिसतं. मग जग ते विसरलं, ते थेट नव्वदीच्या सुरुवातीपर्यंत.

आता कार्ड. कूस्तो आणि गान्यां यांनी १९४३ मध्ये अॅक्वालंग तयार केलं. त्यानंतर काही वर्षं हे यंत्र कुणीही विकत घ्यावं आणि पाठीला लावून बुडी मारावी, असा मामला होता. शिकवणार कोण? कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स या समुद्रविज्ञान संस्थेत कॉनरॅड लिंबॉ नावाच्या संशोधकानं पन्नासच्या दशकाच्या आरंभी पद्धतशीर प्रशिक्षण बसवलं. १९५४ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीची माणसं त्याच्याकडे शिकायला गेली आणि तिथून सार्वजनिक प्रमाणपत्राची प्रथा पसरली. ब्रिटनमध्ये १९५३ पासून क्लब होताच. पुढे १९६० मध्ये नाउई आली, १९६६ मध्ये पाडी. आज पर्यटकाच्या खिशात असतं ते बहुधा या पाडीचं कार्ड.

आणि लिंबॉचं काय झालं? मार्च १९६० मध्ये फ्रान्समध्ये, कासीजवळच्या पोर्त मियू इथल्या पाण्याखालच्या गुहेत तो वाट चुकला आणि तिथेच गेला. ज्यानं इतरांना शिकवलं तो माणूस! कौशल्यात तो कुणाला हार जाणारा नव्हता. पण गुहेत डोक्यावर छप्पर असतं. मोकळ्या समुद्रात काही बिघडलं तर वर पाणी आणि त्याच्यावर आकाश असतं. छपराखाली वर जायची सोयच नाही, आधी दार सापडायला हवं. बुडालेलं जहाज म्हणजे लोखंडी गुहाच की!

आता हिशेब मांडू. पहिल्या पायरीचं कार्ड १८ मीटरपर्यंतचं. थिसलगॉर्मचा डेक साधारण सोळा-सतरा मीटरवर, तळ तीस मीटरच्या आसपास. म्हणजे त्या कार्डवाल्यानं फार तर डेकवरून फेरी मारावी. पुढची पायरी तीस मीटरची. तिथे दाब पृष्ठभागाच्या चौपट, म्हणून सिलिंडरमधली हवाही चौपट वेगानं संपते, आणि नायट्रोजनची धुंदी चढू लागते ती वेगळीच. जहाजाच्या आत शिरायचं तर वेगळा कोर्स हवा. दोरीची रीळ कशी सोडायची, पायाच्या फटक्यानं गाळ न उडवता कसं पोहायचं, हवेचा एक भाग आत जायला, एक बाहेर यायला आणि एक राखीव कसा ठेवायचा, हे तिथे शिकवतात. गाळ उडाला की समोरचा हातही दिसत नाही, आणि अशा वेळी दोरी नसेल तर लिंबॉसारखी गत होते.

तेव्हा ज्यांना जायचंय त्यांनी पुस्तकी भाग आणि तलावातला सराव इथेच आटपावा, परदेशात फक्त समुद्रातल्या बुड्या माराव्यात. अशी सोय असते. आपल्या तारकर्लीलाही शिकवतात. प्रकृतीचा फॉर्म भरताना दमा, हृदयविकार असल्या रकान्यांत डोळे मिटून 'नाही' लिहू नये. पैसे भरलेत म्हणून सहल वाया जाऊ नये, एवढ्यासाठी लोक खोटं लिहितात आणि ते कार्ड देणाऱ्याला कळत नाही. शेवटच्या बुडीनंतर अठरा तास विमानात बसू नये, हेही तिकीट काढतानाच बघावं.

राहता राहिली ती मोटारसायकलींची गोष्ट. आठवण म्हणून लोकांनी त्यांचे भाग काढून नेले. बोटींनी जहाजालाच दोर बांधून त्याचं लोखंड ओरबाडलं. युनेस्कोचा २००१ चा करार शंभर वर्षं पाण्याखाली राहिलेल्या अवशेषांना वारसा मानतो. थिसलगॉर्मची शंभरी भरेल २०४१ मध्ये. तोवर काय उरेल, हे तिथे उतरणाऱ्यांच्याच हातात आहे.

आता प्रश्न घेऊ.