बेदरकार हाकणे म्हणजे काय?



दसरा झाला की वडवणीच्या सडकेवर ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांच्या गाड्यांची रीघ लागते. ट्रॉलीत भांडीकुंडी, लेकरेबाळे आणि वर बसलेली माणसे. अशा सडकेवर अपघात झाला की ‘गाडी भरधाव होती’ एवढे बोलून आपण मोकळे होतो. कायदा एवढ्यावर थांबत नाही.

भारतीय दंडसंहिता १८६० साली तयार झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून इंग्रजी मुलखात अमलात आली. मोटार तेव्हा कोणी पाहिलीही नव्हती. तरी २७९ व्या कलमात सार्वजनिक रस्त्यावर कोणतेही वाहन हाकणारा आला, घोड्यावरचा स्वारसुद्धा आला. अट एकच : हाकणे इतके अविचाराचे किंवा हयगयीचे असावे की, माणसाच्या जिवाला धोका व्हावा किंवा दुसऱ्या कोणाला दुखापत होण्याचा संभव असावा. कोणी दगावलेच पाहिजे असे नाही! शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हयगयीने मृत्यू घडवण्याचे ३०४-अ हे वेगळे कलम १८७० साली आले. आपला मुलूख निजामाच्या राज्यातला. येथे ही संहिता १९५१ साली लागू झाली.

आता अविचार कोणता आणि हयगय कोणती? धोका समोर दिसत असता ‘काही होत नाही’ म्हणून गाडी दामटणे, हा अविचार. शहाणा माणूस घेतो ती खबरदारी न घेणे, ही हयगय. वळणावर पुढचे दिसत नसता गाडी ओलांडणे पहिल्यात मोडते. अंधारात मागचा दिवा न लावता ट्रॉली नेणे दुसऱ्यात.

मग वेगाचे काय? कर्नाटकातील एका ट्रकच्या खटल्यात १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, नुसता वेग जास्त होता एवढ्याने अविचार किंवा हयगय शाबीत होत नाही. खरेच आहे. माळावरच्या मोकळ्या सडकेला साजणारा वेग बाजाराच्या दिवशी वेशीत जीवघेणा ठरतो. म्हणून साक्षीदाराने जागा, वेळ, गर्दी, गाडीची बाजू, दिवे, भोंगा, हे सगळे सांगावे लागते.

याहून पुढचीही पायरी आहे. मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे पदपथावर निजलेल्या मजुरांवर मोटार गेली. सात मजूर गेले, आठ जखमी झाले. चालक दारू प्यालेला होता. माणसे मरू शकतात याची त्याला जाणीव होती, असे मानून २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाची तीन वर्षांची शिक्षा कायम केली.

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात धोकादायक चालवण्याचे प्रकार नाव घेऊन सांगितले : हातात मोबाईल, तांबडा दिवा तोडणे, उलट्या दिशेने जाणे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. कलम २८१ मध्ये कसोटी तीच राहिली. हयगयीने मृत्यू झाल्यास मात्र कैद दोनाऐवजी पाच वर्षांपर्यंत झाली.

गुरुजनहो, ही कसोटी वर्गात मुलांना जरूर सांगा. आणि मुकादम मंडळींनो, टोळी निघण्याआधी ट्रॉलीचा मागचा दिवा एकदा लावून पाहा. निकाल वर्षांनी लागतो. दिवा आजच लावता येतो.