मस्टरवर नसलेली नावे

येरमाळा कळंब तालुक्यात, बालाघाटाच्या पठारावर आहे. चैत्र पौर्णिमेला येडेश्वरीच्या यात्रेत इथे पाय ठेवायला जागा नसते. एरवी सोलापूर-धुळे महामार्गावरून जाणाऱ्याला ते थांब्याचे एक गाव वाटते. या पट्ट्यातली बरीच शेती पावसाच्या भरवशावर. त्यामुळे पाऊस हुकला की हाताला काम कोणी आणि कोणत्या कायद्याने द्यायचे, हा प्रश्न इथे पुस्तकातला राहत नाही. रोजगार हमीचा कायदा कसा जन्मला याची एक सुटसुटीत गोष्ट ऐकू येते: पुण्याच्या अर्थशास्त्रज्ञांनी दारिद्र्य मोजले, उपाय सुचवला आणि सरकारने तो उचलला. कागद तारीखवार लावले की ही गोष्ट मोडते.

पुण्याचे हे अर्थशास्त्रज्ञ म्हणजे वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ. त्यांचा भारतातील दारिद्र्यावरचा अभ्यास जानेवारी १९७१ मध्ये इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत छापून आला. १९६०-६१च्या किमतींनी ग्रामीण भागात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये ही त्यांची रेषा. तिच्याखाली खेड्यातले सुमारे चाळीस टक्के आणि शहरातले सुमारे निम्मे लोक सापडतात, असा त्यांचा हिशेब होता. वाटायला पुरेशी जमीन नाही, तेव्हा सार्वजनिक कामे काढून मजुरी द्यावी, हा त्यांचा निष्कर्ष. पण सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूरच्या परिसरात, असा प्रयोग १९६५ मध्येच सुरू झाला होता. तो मांडणारे वि. स. पागे प्राध्यापक नव्हते, विधान परिषदेचे सभापती होते. म्हणजे हा अभ्यास छापून येण्याच्या सहा वर्षे आधी कामावर माणसे उभी होती. पुण्याने तासगावची नक्कल केली, असा याचा अर्थ नव्हे. दोन वाटांनी निघालेली माणसे एकाच ठिकाणी पोचली, इतकेच कागदांवरून म्हणता येते. रथ यांनी ती वाट पुढेही सोडली नाही. १९८५ मध्ये एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाच्या कर्ज-अनुदानावर टीका करताना त्यांनी मजुरीच्या कामांचीच बाजू घेतली.

राज्याची रोजगार हमी योजना १९७२ मध्ये जाहीर झाली आणि लगेच दुष्काळाने तिला गिळले. मे १९७३ मध्ये राज्यभर दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख मजूर होते. येरमाळा ज्यात येते तो तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक. (त्या काळचे जिल्ह्याचे आकडे वाचताना लातूर त्यातच धरलेले आहे हे विसरू नये, तो जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला.) खडी फोडणे, पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, आणि खायला सुकडी व लाल मिलो. त्या पिढीच्या बोलण्यात हे शब्द अजून येतात. या कामांचा वृत्तांत व्ही. सुब्रमणियन या सनदी अधिकाऱ्याने १९७५ मध्ये पुस्तकरूपाने छापला. पुढे ज्याँ द्रेझ यांनी याच काळाचा अभ्यास करून, इतके पीक बुडूनही उपासमारीचे मृत्यू मोठ्या संख्येने का झाले नाहीत, याचे उत्तर या मजुरीत शोधले. धोरणाने आधी पाऊल टाकले आणि संशोधन मागून आले, हाच क्रम इथेही दिसतो.

दुष्काळ सरला की असल्या योजना बहुधा फायलीत जातात. ही टिकली, त्याचे मोठे कारण माझ्या मते पैसा. १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. मुंबईतल्या नोकरदाराच्या पगारातून कापलेली रक्कम मराठवाड्यातल्या बांधावर खर्च होऊ लागली, आणि कराच्या उत्पन्नाइतकी भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची होती. पाठोपाठ रोजगार हमी अधिनियम १९७७ आला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्यातले कळीचे कलम पंधरा दिवसांचे. मागणी केल्यापासून तेवढ्या दिवसांत काम दिले नाही, तर सरकारने बेकारी भत्ता द्यायचा. तो दिवसाला किमान एक रुपया होता. रक्कम क्षुल्लक, पण तिच्यामुळे मागणी हा हक्क झाला.

अभ्यासकांचे खरे काम यानंतर सुरू झाले. १९८० मध्ये नियोजन आयोग आणि राज्य सरकार यांचा संयुक्त मूल्यमापन अहवाल आला. त्याच वर्षी कुमुदिनी दांडेकर आणि मंजू साठे यांची पाहणी प्रसिद्ध झाली. कामावर येणारे बहुतेक गरीबच आहेत आणि त्यांत बायकांचा वाटा फार मोठा आहे, हे त्यांनी दाखवले. कुमुदिनीबाईंनी १९८३ मध्ये बायकांच्या रोजगाराची संधी म्हणूनच या योजनेवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. हे निष्कर्ष सरकारला सोयीचे होते, आणि सोयीचे संशोधन मंत्रालयाचा जिना फार लवकर चढते.

गैरसोयीचा प्रश्न १९८८ नंतरचा. त्या वर्षी किमान वेतन दुपटीच्या घरात गेले, आणि त्याबरोबर हमीच्या कामाचा दरही वाढला. दर वाढल्यावर मजूर वाढायला हवेत. हजेरी मात्र घसरली. काम मागणारे कमी झाले, की मागणाऱ्यांना परत पाठवले गेले? मार्टिन रॅव्हालियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी यांनी १९९३ मध्ये छापलेल्या लेखात हाच प्रश्न घेतला. दरमहाच्या हजेरीचे आकडे लावून त्यांनी निष्कर्ष काढला, की दरवाढीनंतर कामाचे रेशनिंग झाले. हमी होती, पण मागेल त्याला नव्हती.

त्यांना संख्याशास्त्राचा एवढा खटाटोप करावा लागला, याचे कारण साधे आहे. मस्टरवर कामावर आलेल्यांची नावे असतात. काम मागून रिकाम्या हाताने परतलेल्याचे नाव लिहायला त्यात रकानाच नसतो. त्याची नोंद उरते ती अर्जावर आणि तारखेसह दिलेल्या पोचपावतीवर. पोच दिली, की पंधरा दिवस मोजायला लागतात आणि भत्त्याचे देणे उभे राहते. पोच दिली नाही, तर कायद्याच्या दृष्टीने मागणीच झालेली नसते. भत्ता दिल्याची उदाहरणे इतकी दुर्मीळ का, हे यावरून कळते. २००५च्या केंद्रीय कायद्याने तारखेची पोच देणे बंधनकारक केले, तेव्हा महाराष्ट्राच्या हमीचे वय कायद्याच्या पुस्तकात सव्वीस वर्षांचे झाले होते.