मृत्युपत्र (उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर)

मृत्युपत्र किंवा इच्छापत्र म्हणजे आपल्या मालमत्तेची मृत्यूनंतर कशी व्यवस्था लागावी, हे नमूद करणारा कायदेशीर दस्तऐवज होय. ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथे निर्वासितांचे भूखंड, गृहनिर्माण संस्थांतील सदनिका आणि शेतजमीन अशी भिन्न स्वरूपाची मालमत्ता असल्याने मृत्युपत्राइतकेच मूळ मालकीच्या कागदपत्रांनाही महत्त्व आहे.

आवश्यक बाबी

भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ नुसार सज्ञान व सुबुद्ध व्यक्तीस मृत्युपत्र करता येते. त्यावर करणाऱ्याची स्वाक्षरी किंवा अंगठा आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. मुद्रांक शुल्क लागत नाही. दुय्यम निबंधक कार्यालयातील नोंदणी ऐच्छिक आहे. नोंदणीकृत मृत्युपत्रही नोंदणी न केलेल्या नंतरच्या वैध मृत्युपत्राने रद्द होऊ शकते. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात वारसांच्या संमतीविना साधारणतः एक तृतीयांश मालमत्तेपुरतेच मृत्युपत्र करता येते.

मालमत्तेचे प्रकार

फाळणीनंतर कल्याणजवळील लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची वसाहत झाली. १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. तेथील जुनी सनद आजोबांच्या नावे असल्यास नातवाचे मृत्युपत्र केवळ त्याच्या वाट्यास येणाऱ्या हिश्श्यापुरतेच परिणामकारक ठरते. अंबरनाथ-बदलापूर परिसरातील शेतजमिनीबाबत सातबारा उतारा व फेरफार या महसुली नोंदी असून त्यांनी मालकी निर्माण होत नाही.

नामनिर्देशन

नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे मालक, असा गैरसमज सर्वत्र आढळतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमातील २०१९ च्या सुधारणेनुसार, वारस दाखल होईपर्यंत अशा व्यक्तीस संस्था तात्पुरते सदस्यत्व देते. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या मृत्युपत्राशी संबंधित ‘शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी समभागांबाबतही हेच तत्त्व मान्य केले: नामनिर्देशनाने उत्तराधिकाराचा कायदा बाजूला सारला जात नाही.

पूरक दस्तऐवज

बक्षीसपत्राने मालकी हयातीतच हस्तांतरित होते व ते सहसा मागे घेता येत नाही. मृत्युपत्र मात्र हयातीत केव्हाही बदलता येते. अज्ञान किंवा दिव्यांग अपत्यासाठी भारतीय न्यास अधिनियम, १८८२ अन्वये खासगी न्यास स्थापता येतो.

अंमलबजावणी

मृत्युपत्रावर वाद झाल्यास किमान एका हयात साक्षीदाराची साक्ष न्यायालयात घ्यावी लागते. त्यामुळे साक्षीदार वयाने तरुण व जवळपास राहणारे असणे सोयीचे ठरते.