विंडोज ७ चे अपडेट नेमके कुठे अडते?

धुळे–सोलापूर महामार्गावरच्या चौसाळ्यासारख्या बाजारगावात ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स आणि डीटीपी ही कामे बहुधा एकाच संगणकावर चालतात. तो दोन जीबी रॅमचा, विंडोज ७ वर चालणारा असला तर मालकाला आळशी ठरवण्याचे कारण नाही. जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर, डाँगलशिवाय न उघडणारे मराठी फॉन्टचे पॅकेज आणि त्यात साठलेल्या लग्नपत्रिकांच्या फायली यांचा हिशेब त्यामागे असतो. मायक्रोसॉफ्टने या प्रणालीची मोफत सुरक्षा-अपडेट १४ जानेवारी २०२० रोजी थांबवली. पण त्या तारखेपर्यंतची अपडेटसुद्धा नव्याने टाकलेल्या विंडोज ७ वर सरळ बसत नाहीत.

ती बसवणे का आवश्यक, याचे उत्तर २०१७ मध्ये मिळाले आहे. विंडोजच्या फाइल-शेअरिंगमधले भगदाड बुजवणारे अपडेट १४ मार्चला आले. वॉनाक्राय हा फायली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस १२ मे रोजी पसरला. मधले जवळजवळ दोन महिने ज्यांनी अपडेट टाकले नाही त्यांचे संगणक कुलूपबंद झाले, आणि त्यांत बहुसंख्य विंडोज ७ चेच होते. जूनमध्ये नॉटपेट्या या दुसऱ्या व्हायरसने तेच भगदाड इतर मार्गांच्या जोडीला वापरले. मर्स्क या जहाज-वाहतूक समूहाच्या यंत्रणा कोलमडल्या आणि न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले.

बिघाड शोधताना एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. अपडेट म्हणजे एकच क्रिया नव्हे. शोध, डाउनलोड, सहीची पडताळणी, फायली बसवणे आणि रीस्टार्टनंतरची मांडणी असे तिचे टप्पे आहेत, आणि प्रत्येक टप्प्याचा बिघाड वेगळा. हे न पाहता ‘फॉरमॅट मारून टाक’ हा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने अडचण वाढते: सर्व्हिस पॅक १ ची डीव्हीडी टाकली की संगणक थेट २०११ सालात जातो आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या पहिल्यापासून चढाव्या लागतात. दुकानदार टाकून देतात त्या ‘लाइट’ विंडोजमध्ये तर अपडेटचे घटकच बऱ्याचदा काढलेले असतात. तिथे डोके खपवू नये.

सर्वांत स्वस्त कारण आधी तपासावे, म्हणजे मदरबोर्डवरचा सीमॉसचा सेल. तो संपला की लाइट गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. मग सर्व्हरचे प्रमाणपत्र ‘अजून लागूच झालेले नाही’ असे ठरते आणि सुरक्षित जोडणी नाकारली जाते. दोष मात्र नेटला दिला जातो.

घड्याळ बरोबर असूनही तासन्‌तास नुसता शोध चालू राहिला, एक स्व्हचोस्ट प्रक्रिया प्रोसेसर खात राहिली, तर अपडेट शोधणारा घटकच जुना आहे असे समजावे. त्यावर जुलै २०१६ चे केबी ३१७२६०५ या क्रमांकाचे अपडेट लागू पडते. पण त्याआधी एप्रिल २०१५ चे केबी ३०२०३६९ बसलेले हवे. ८००७२ईएफई या त्रुटीचा शब्दशः अर्थ जोडणी मधेच तुटली एवढाच. हॉटस्पॉट बदलून पाहण्यात वेळ जातो. नव्याने टाकलेल्या प्रणालीवर बऱ्याचदा खरा उपाय केबी ३१३८६१२ हा असतो.

खरा गुंता सहीचा आहे. प्रत्येक अपडेटवर मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही असते. ती पूर्वी फाइलचा छोटा ठसा काढणाऱ्या एसएचए-१ या पद्धतीवर आधारलेली होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय संस्था आणि गूगल यांनी एकच एसएचए-१ ठसा देणाऱ्या दोन वेगळ्या फायली तयार करून दाखवल्या. म्हणजे ठशावरचा भरवसा संपला. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ ची अपडेट फक्त एसएचए-२ सहीने द्यायला सुरुवात केली. जुन्या प्रणालीला ही सही ओळखताच येत नाही. तलाठ्याचा शिक्का बदलला, पण नव्या शिक्क्याचा नमुना बँकेत पोचलाच नाही, तर खरा सातबाराही परत येणार. तसे हे आहे. ८००९२००४ ही त्रुटी बहुतेक वेळा याच जागी उमटते. यातून सुटायला मार्च २०१९ चे केबी ४४९०६२८ आधी आणि केबी ४४७४४१९ नंतर, सर्व्हिस पॅक १ वर, हाताने बसवावे. हा क्रम उलटवू नये. ऑगस्ट २०२० मध्ये एसएचए-१ वर चालणारी जुनी अपडेट-सेवाच बंद झाली. त्यामुळे नवी सही न ओळखणारा संगणक नुसता ऑनलाइन ठेवून आपोआप सुधारत नाही. दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमधून फायली उतरवून पेनड्राइव्हने आणाव्यात. ३२-बिट की ६४-बिट, हे आधी पाहावे. चुकीची फाइल ‘लागू नाही’ म्हणते, आणि पुष्कळांना तो नवा बिघाड वाटतो.

फायली बसत असताना लाइट गेली तर घटकांचा साठा अर्धवट राहू शकतो. तेव्हा केबी ९४७८२१ हे तपासणी-साधन चालवून त्याची चेकसर नोंदवही वाचावी. सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्युशन फोल्डरचे नाव बदलणे हा लोकप्रिय उपाय फक्त खराब डाउनलोडपुरता उपयोगी आहे. सहीच्या अडचणीला त्याचा काडीचा फायदा नाही, तरी सगळे तिथूनच सुरुवात करतात.

जानेवारी २०२० नंतरचे अपडेट रीस्टार्टला ‘बदल मागे घेत आहे’ म्हणून परतले, तर तो बहुधा तांत्रिक बिघाडच नव्हे. ती अपडेट पैसे भरून मिळणाऱ्या वाढीव मुदतीची होती आणि त्या मुदतीचा परवाना नसेल तर ती टिकत नाहीत. ती सोयही १० जानेवारी २०२३ रोजी संपली. त्याच वर्षी क्रोमने विंडोज ७ सोडली; १०९ ही त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती.

म्हणून जानेवारी २०२० चे केबी ४५३४३१० बसले की मोफत दुरुस्तीची हद्द संपते. त्यानंतर सापडलेल्या भोकांना ठिगळ नाही. अशा संगणकावरून आधार, बँक किंवा विम्याचे फॉर्म भरू नयेत. नेटची तार काढून तो पत्रिका आणि छपाईपुरता ठेवावा, एसएमबी-१ हे जुने फाइल-शेअरिंग बंद करावे, आणि गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह आधी नेटवरच्या, अपडेट झालेल्या संगणकावर तपासून मगच त्याला लावावा.